सोनुबाईचा धवला

सान्वीची हळद दोन दिवसांवर आली आणि पन्नास वर्षं लग्नांत धवले गाणाऱ्या तिच्या आजीला, गंगुबाईला, हळदीच्या गाण्याचं शेवटचं कडवं आठवेना. तिला तिच्या आईने शिकवलेलं ते कडवं गावात कुणालाच येत नव्हतं. मोबाईलवरही सापडेना, तेव्हा सान्वी तिला कल्याणच्या वाचनालयात घेऊन गेली. "शिकलेल्यांत माजा काय काम?" म्हणत गंगुबाईने चपला पायरीखालीच काढल्या. ग्रंथपालांनी कपाटातून जुनी वही काढली. साठ वर्षांपूर्वी कुणा सभासदाने गावोगाव फिरून बायकांची गाणी तीत उतरवली होती. सान्वीने हळदीचा धवला वाचला, शेवटच्या कडव्यासकट. मग खालची ओळ वाचली, "गाणारी सोनुबाई, गाव काटई." "माजे आयचा नाव इथं?" गंगुबाईने अक्षरांवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि ती गाऊ लागली. 'शांतता राखा'च्या पाटीखालच्या वाचकांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली. ग्रंथपालांनी उठून पंखा बंद केला.