जाड वायर

फरशी पुसायचं मशीन घ्यायला नवरा-बायको लेकीला घेऊन दुकानात आले. बायको हळूच म्हणाली, “बॅटरीवालं बघू या ना.”

“हिचं आपलं काहीतरीच!” नवरा दुकानदाराकडे पाहून हसला. “अहो, जुनं मशीन ठणठणीत आहे. वायर दोनदा जोडली, तरी पुन्हा तुटली.”

“मग हे न्या, साहेब.” दुकानदाराने वायर मुठीला गुंडाळून दोन हिसडे दिले. “बघा, केवढी जाड! कितीही वापरा, तुटणार नाही.”

“झालं तर! हेच द्या.”

चार वर्षांच्या लेकीने आईची वर सरकलेली बाही खाली ओढून कोपरापर्यंत उठलेले वळ झाकले. मग टाचा उंचावून ती दुकानदाराला म्हणाली,



“काका, ही नको. पहिल्यासारखी लवकर तुटणारी द्या ना.”