साहेबांच्या वतीने

बाबांची उभी हयात राजधानीत, पक्षात आणि मंत्रिपदांत गेली. त्यांच्या कार्यालयाची एक जुनी पद्धत आहे. पेपरातल्या निधनाच्या बातम्या वाचायच्या आणि त्या त्या घरी साहेबांच्या वतीने सांत्वनाचा फोन करायचा.

आई गेली तेव्हा तिच्या शाळेने बातमी दिली ती तिच्या माहेरच्या नावाने. जन्मभर ती त्याच नावाने शिकवत आली होती. खाली संपर्कासाठी नंबर माझा होता.

"ताई, साहेबांच्या कार्यालयातून बोलतोय. तुमच्या मातोश्रींचं कळलं. साहेबांना फार वाईट वाटलं. ते तुमच्या दुःखात सहभागी आहेत."

माणूस नवा असावा. त्याला समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. आईच्या रिकाम्या पलंगावर बसून बाबा फोनवर उमेदवारांची नावं ठरवत होते. सकाळपासून तेच चाललं होतं.

"खरंच वाईट वाटलंय का हो त्यांना?" मी विचारलं.



"म्हणजे काय ताई! साहेबांना प्रत्येक घर आपलंच वाटतं."