अण्णा आले की लाल होणारा दिवा

घरात कुणीही घाबरलं की लाल होणारा सरकारी दिवा आता घरोघरी लागला होता, आणि अण्णा चिखलकरांच्या खिडकीतला तर रोज ते दारात आले रे आले की लाल व्हायचा. सगळ्या गल्लीला दिसायचा.

"आयुष्यात कुणावर हात उगारला नाही मी," अण्णा तपासणीला आलेल्या पोरीला म्हणाले. "तुमचं यंत्रच बिघडलंय."

"मग जरा बाहेर जाऊन परत या ना, काका."

अण्णा गेले आणि सवयीप्रमाणे दारात मोठ्ठ्यानं खाकरले. आत काकूंनी घाईघाईनं टीव्ही बंद केला, नातवानं पुस्तक उघडलं आणि दिवा लालभडक झाला.

"आता न खाकरता या."

दिवा हिरवाच राहिला.

अण्णांना आपलं लहानपण आठवलं. त्यांचे वडीलही असेच खाकरायचे, आणि छोटे अण्णा पलंगाखाली शिरायचे.

दुसऱ्या दिवशी ते मांजराच्या पावलांनी घरात शिरले. टीव्ही चालूच, दिवा हिरवाच. पण बटाट्या कुत्र्यानं त्यांना चोर समजून पायजमाच धरला आणि दिवा भक्कन लाल झाला.

"आता कोण घाबरलं?" काकूंनी आतून विचारलं.

"मीच गं," अण्णा स्टुलावर चढून म्हणाले. "यंत्र चोख आहे."