विळी

चौऱ्याहत्तर साली विट्याची विजयमाला सांगलीला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडं पहिल्यांदा गेली, तेव्हा सासू मनुबाई तान्ह्या नातवाला घेऊन बाहेरच्या बाकावर थांबली. आत शॉक द्यायचं यंत्र असेल असं विजयमालाला वाटलं होतं. तिथं नुसत्या दोन वेताच्या खुर्च्या होत्या. "हितलं बोलणं घरी सांगता का?" तिनं विचारलं. "तुम्हाला विचारल्याशिवाय नाही," बाई म्हणाल्या. त्या घाई करीनात, तशी विजयमालाला जास्तच भीती वाटायला लागली. सांगितलं तर लेकरू काढून घेतील, आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. शेवटी ती खालमानेनं म्हणाली, "भाजी चिरताना मनात येतं, ही विळी मी बाळाला मारीन. म्हणून पाजायपुरतंच घेती त्याला." "मनात आलं की काय करता?" बाईंनी विचारलं. "विळी तितंच टाकून परसात पळती." "पळता, कारण बाळाला काही होऊ नये असं तुम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या. "बाळंतपणानंतर असले विचार पुष्कळजणींना छळतात. हा आजार आहे, तो बरा होतो. पण एका भेटीत नाही. दर सोमवारी यावं लागेल, आणि कधीकधी बोलून गेल्यावर जास्तच रडू येईल." बाहेर आल्यावर मनुबाईनं विचारलं, "काय म्हणल्या गं?" "सोमवारी परत बोलवलंय," विजयमाला म्हणाली. पाजायची वेळ झाली नव्हती, तरी तिनं हात पुढं केले. मनुबाईनं एकदा सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि नातू तिच्या हातात दिला.