बेबीचा अर्ज

आमचे हे इंदूरच्या एका कापडमिलमध्ये लेबर ऑफिसर. पुढं पर्सोनेल मॅनेजर व्हायचंय, म्हणून सूतखात्यातल्या बायकांची गाऱ्हाणीसुद्धा तासन्‌तास ऐकतात. घरी मात्र नुसतं "हूं". मला त्या बायकांचा फार हेवा वाटायचा.

"अहो, कभी हमारी भी सुनवाई होगी?"

"देखते हैं."

शेवटी मी आठ महिन्यांच्या बेबीच्या नावानं अर्ज लिहिला, 'साहेब, रोज अर्धा तास भेट मिळावी.' खाली तिचा इवलासा अंगठा शाईत बुडवून उमटवला आणि कागद त्यांच्या फायलीत सरकवला.

तेव्हापासून संध्याकाळी आले की ते बेबीला मांडीवर घेतात आणि तिचं "बा-बा-बू" अगदी गंभीरपणे ऐकतात.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. "आणि मी?"



"भानुमतीबाई, आपला अर्ज कुठे आलाय?"