एक्केचाळिसावा तुकडा

सूर्यावरच्या वादळात उपग्रह जळाले, नोटा आधीच बंद झालेल्या, त्यात मोबाइलवरून पैसे देणंही बंद पडलं आणि मिरजेच्या बाजारात चांदीची नाणी आली. सगळ्यांत लहान नाण्यात चाळीस कप चहा येई. सुटे नसल्यामुळे शेवंताबाई आपल्या चहाच्या टपरीवरून गिऱ्हाइकं परत पाठवायची. समोरच्या जुबेदाकडे मात्र नाण्याचे एकेका कपाच्या किमतीचे चाळीस तुकडे करणारं लेझरयंत्र होतं, त्यामुळे तिच्या टपरीवर रांग लागायची.

ती रांग बघून शेवंताबाईच्या पोटात दुखायचं. जुबेदा चांदी मारते, असं तिने चौघांना सांगितलं. मग पुरावा हवा म्हणून स्वतःचं नाणं तिच्याकडून कापून घेतलं आणि तुकडे थेट सराफाकडे नेले.

सराफाने ते तोलले. "वजन पुरेपूर आहे. खरं तर कापताना थोडी चांदी उडून जाते. म्हणून तिने एक्केचाळिसावा तुकडा पदरचा घातलाय. सगळ्यांनाच घालते ती."

शेवंताबाईने संध्याकाळी चौघांनाही गाठून आपलं चुकल्याचं सांगितलं. टपरीवर परतल्यावर तिने समोर पाहिलं. रांग तशीच होती. यंत्र तर तीही उद्या आणू शकली असती, पण तो तुकडा आपल्या हातून सुटला नसता, हे तिला ठाऊक होतं आणि त्यानेच तिचा जास्त जळफळाट होत होता.