बाहुलीघरातला तास

शिक्षिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात दाखवायला एक आदर्श वर्ग हवा होता, म्हणून बालवाडीच्या शिक्षिका घडवण्यात हयात घालवलेल्या अध्यक्षबाई आपल्या सगळ्यात लाडक्या माजी विद्यार्थिनीच्या वर्गात जाऊन बसल्या. ना आरडाओरडा, ना रडारड. शिक्षिकेचं बोलणं तर साखरेत घोळलेलं! "पोरीनं नाव काढलं माझं," म्हणत बाईंनी पसंतीची सही ठोकली.

निघताना सवयीने त्या बाहुलीघरापाशी रेंगाळल्या. मोठ्यांचं खरं वागणं मुलांच्या खेळात उतरतं, हे त्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगायच्या.

तिथे एक चिमुरडी शिक्षिका झाली होती. बाहुलीचा कान पिरगाळत ती हळूच म्हणाली,



"हस! पाहुण्या बाई गेल्या की गाठ माझ्याशी आहे."